वाळत घातलेले पक्षकार

बाबासो चौगल्यांना मी मामा म्हणायचे, पण पहिले तीन दिवस त्यांनी मला काहीच म्हटलं नाही. मी टेबलाजवळ जाऊन उभी राहिले की चष्म्याच्या वरून एकदा बघायचे आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागायचे. वकिलाचा कारकून सुई-दोरा घेऊन काय करतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कागद शिवतो. दाव्याचे कागद टाचणीने लावलेले मामांना खपायचे नाहीत. "टाचणी गंजती, कागूद खाती," हे त्यांच्या तोंडचं मी ऐकलेलं पहिलं वाक्य, आणि तेही त्यांनी भिंतीकडे बघून म्हटलं.

साल नव्याण्णव, जानेवारी महिना. मी अकरावीला, एमसीव्हीसीला होते. ज्यांना सायन्सला जाण्याइतके मार्क नसत आणि ज्यांचे घरचे आर्ट्सला घालायला तयार नसत, अशांची सोय म्हणजे हा कोर्स. माझा विषय ऑफिस मॅनेजमेंट. महिनाभर खऱ्या ऑफिसात जाऊन काम शिकायचं, रोज लॉगबुक नावाच्या वहीत 'आज काय शिकलो' ते लिहायचं आणि शेजारच्या रकान्यात तिथल्या वरिष्ठांचा शेरा घ्यायचा. वर्गातल्या बाकीच्या मुलींनी बँका आणि पतसंस्था धरल्या. तिथे युनिफॉर्ममधला शिपाई चहा आणून देतो, असं त्या सांगायच्या. मला मात्र पप्पांनी इंगवले वकिलांकडे नेऊन उभं केलं. पप्पा कसबा बावड्याला साखर कारखान्यात फिटर. आमच्या घरात आजवर वकील एकच, तेही भिंतीवरच्या फोटोत. रोज सकाळी कामावर निघताना पप्पा आधी त्या फोटोकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. त्या नजरेचा मला फार राग यायचा. आता मी स्वतः काळा कोट घालते, तेव्हा जास्त बोलत नाही.

इंगवले साहेबांचं ऑफिस कोर्टाजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानावर. एकच खोली, मध्ये कपाट घालून दोन केलेली. साहेब माणूस दिलदार, पण आवाज असा की खाली झेरॉक्स काढणारा दचकून एक प्रत जास्त काढायचा. साहेब फाईल कधी शोधत नसत. फोनवर बोलता बोलता हात पुढे करायचे आणि मामा त्या हातात फाईल ठेवायचे, ती बरोबर त्याच पक्षकाराची. पहिल्या दिवशी साहेबांनी मला सांगितलं, "शेराबिरा मामा लिहितील. मला वेळ नाही." म्हणून माझे वरिष्ठ म्हणजे मामा. त्यांचे पहिले तीन शेरे असे: 'मुलगी आली.' 'मुलगी आली व बसली.' 'चहा पीत नाही. का ते कळले नाही.'

चौथ्या दिवशी मी चहा घेतला. मग ते बोलायला लागले.

मामा राधानगरीकडचे. सातवी झाली त्या वर्षी वडिलांबरोबर तारखेला सोबत म्हणून कोल्हापुरात आले. वडिलांचा शेताचा दावा दुसऱ्या एका वकिलाकडे होता. ऐन सुनावणीच्या दिवशी फाईल उघडली, तर मूळ कागद आत नाही. कुठे गेला ते कुणालाच सांगता येईना. दावा गेला. "आमचं सात गुंटं वावर एका कागदात ग्येलं," मामा म्हणाले. ते पुढे काही सांगतील म्हणून मी थांबले, तर ते पुन्हा शिवायला लागले. पुढची काही वर्षं त्यांनी मिळेल ते काम केलं आणि मग इंगवले साहेबांच्या वडिलांकडे नोकरी धरली. एकतीस वर्षं झाली होती त्याला. या एकतीस वर्षांत ऑफिसातला एक कागदही हरवला नव्हता. हे मला झेरॉक्सवाल्याने सांगितलं, चहावाल्याने सांगितलं आणि कोर्टाच्या शिपायानेही सांगितलं. मामा स्वतः कधी बोलले नाहीत.

पण फायली ठेवायची त्यांची पद्धत बघितली आणि माझं डोकं फिरलं. माझ्या पुस्तकात 'नस्तीकरण' नावाचा धडा होता. नस्त्या वर्णानुक्रमे असाव्यात, एकसारख्या असाव्यात, स्वच्छ असाव्यात. मामांच्या फायली एसटीच्या वेळापत्रकाप्रमाणे लावलेल्या होत्या! सकाळी पहिली गाडी पेठ वडगावची, म्हणून तिकडच्या पक्षकारांच्या फायली दाराजवळ. त्याखाली राधानगरीची गाडी, मग गारगोटीची. मुक्कामाच्या गाडीवाले सगळ्यात वर, कारण ते आदल्या दिवशीच येऊन बसायचे. आणि प्रत्येक फाईल वेगळ्याच दोरीने बांधलेली. पहिल्या दिवशी पक्षकार कागद घेऊन येतो, ते घरातल्या मिळेल त्या दोरीने बांधून आणतो. तीच दोरी मामा शेवटपर्यंत ठेवायचे; पक्षकाराने मारलेली गाठ न सोडता दोरी नुसती सरकवून फाईल उघडायचे. सुतळी, धोतराची चिंधी, पायजम्याची नाडी, नायलॉनची दोरी, काय वाटेल ते. वडगावच्या आण्णांची फाईल बैलाच्या लाल-पिवळ्या कासऱ्याच्या तुकड्याने बांधलेली, एवढ्या जाड गाठीची की फाईल टेबलावर सरळ बसत नसे. मामा नाव वाचायचेच नाहीत. दोरी बघायचे, फाईल काढायचे.

"मामा, उद्या तुम्ही आजारी पडलात तर?" मी विचारलं.

"पडलो न्हाय अजून," ते म्हणाले.

त्यातल्या एका फाईलला हिरव्या लुगड्याचा काठ बांधलेला होता. ती धोंडुबाईंची. राधानगरी रस्त्यावरच्या एका खेड्यातली, साठीच्या पुढची विधवा. तिच्या शेताला जायची गाडीवाट भावकीने खणून टाकली होती आणि चौदा वर्षं ती ऊस डोक्यावरून रस्त्याला आणत होती. वाट तिचीच आहे, हे लिहिलेलं एकच खरेदीखत होतं, बासष्ट सालचं. सोमवारी अकराला तिची साक्ष होती. मागच्या दोन तारखा पुढे ढकलल्या गेल्या म्हणून न्यायाधीशांनी बजावलं होतं, ही शेवटची संधी. मूळ कागद आणि बाई दोन्ही हजर पाहिजेत. "दावा लावला तवा ह्ये लुगडं नवं हुतं," धोंडुबाई मला शनिवारी म्हणाली. "लुगडं फाटलं. दावा हाय."

रविवारी मामा गावी जायचे. शनिवारी संध्याकाळी साहेब फोनवर असताना मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "सर, उद्या सगळ्या फायली शास्त्रशुद्ध लावू?" साहेब फोनवर कुणाला तरी जामिनाचं सांगत होते. किल्ली माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "कर कर, जोरात कर."

मी जोरात केलं. पुस्तकात लिहिलं होतं की सारखं काम एकत्र करावं म्हणजे वेळ वाचतो. म्हणून आधी चालू दाव्यांच्या एकशे बारा फायली जमिनीवर आडनावाप्रमाणे ओळीने मांडल्या. मग एकेकीची दोरी सोडत गेले. सोडली की ती आधीच्या दोरीला गाठ मारायची आणि गुंडाळायची, कारण शाळेत टाकाऊतून टिकाऊ करायची सवय लागलेली. मग सगळ्यांना निळी नवी कव्हरं, वर सुवाच्य अक्षरात आडनाव-नाव आणि एकसारखी पांढरी नाडी. मध्ये धूळ फार झाली म्हणून थोडा वेळ पंखा लावला. काही कागद हलले. मी उचलून आपापल्या जागी ठेवले, निदान मला तसं वाटलं. संध्याकाळी मांडणी बघून मीच खूश झाले. एक गोष्ट तेवढी खटकली. एकशे बारापैकी एकोणचाळीस फायली 'पाटील' निघाल्या आणि रॅकवर ठेवताना त्या पहिल्या नावाप्रमाणे पुन्हा उलटसुलट कराव्या लागल्या. पुस्तक लिहिणारा कोल्हापूरचा नसावा.

दोऱ्यांचा गुंडा कलिंगडाएवढा झाला होता. तो मी घरी नेऊन आईला दिला.

सोमवारी नऊ वाजता मी ऑफिसात हजर. मामा सव्वानऊला आले. दारात थांबले. रॅककडे बघितलं. मग परक्या घरात शिरताना काढतात तशा चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, आत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दोऱ्या कुटं हायत?"

"घरी नेल्या, मामा. आता नाव बघून कुणालाही फाईल काढता येईल. बघा, धोंडुबाई पाटील." आणि मी खरंच दोन मिनिटांत ती काढून दिली. माझी मान ताठ.

मामांनी पांढरी नाडी सोडली. इतर सगळे कागद शिवलेले होते, पण मूळ खरेदीखताला भोक पाडायचं नाही म्हणून ते नुसतं घडी घालून वर ठेवलेलं असायचं. ते नव्हतं. मामांनी फाईल एकदा चाळली, दुसऱ्यांदा चाळली, मग उलटी धरून झटकली.   ते ओरडतील, मारतील, हाकलतील असं वाटलं आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "पोरी, तू न्हवतीस तवा एकदा असंच झालतं."

मी रडत रडत पंखा लावल्याचं सांगितलं आणि फायली उपसायला लागले. एकशे बारा फायली, प्रत्येकीत शे-सव्वाशे कागद, आणि अकराला पुकारा. जमणं शक्यच नव्हतं.

"थांब," मामा म्हणाले. "रडू नगंस, आदी सांग. दोऱ्या वळीनं सोडल्यास?"

"हो."

"सोडली की लगीच मागलीला गाठ?"

"हो."

"मंजी शेजारची फाईल, शेजारची दोरी. व्हय का न्हाय?" ते उठले. "कागूद उडाला आसंल त शेजारच्याच फायलीत ग्येला आसंल. हिरव्या काठाच्या आजूबाजूला कोन हाय त्येवढं बगायचं. चल, बस गाडीवर."

जिन्यात धोंडुबाई भेटली. साडेनऊची गाडी आज वेळेवर आली होती, कधी नव्हे ती. "बाबासो, कुटं निगालास? माझी तारीख हाय न्हवं आज?"

"तुमच्याच कामाला, मावशी. वर बसा, च्या सांगा. आलोच."

मामांची एम-एटी चाळीसच्या वर कधी गेली नव्हती. त्या दिवशी बावड्याच्या रस्त्याला ती काय धावली! मी मागे डोळे मिटून बसले होते. घरात शिरले आणि ओरडले, "आई, तो गुंडा कुठाय?"

"कुटला? त्यो व्हय?" आई परसातून म्हणाली. "लई झ्याक दोरी दिलीस बाई. सकाळीच बांदली."

परसात नळाच्या पाइपापासून शेवग्याच्या झाडापर्यंत आणि तिथून न्हाणीच्या खिळ्यापर्यंत इंगवले वकिलांचे एकशे बारा पक्षकार ताणून बांधलेले होते. त्यांच्यावर आमची धुणी वाळत घातलेली. पप्पांची कारखान्यातली खाकी, माझा युनिफॉर्म, दोन चादरी, आणि सगळ्यांतून पाणी गळत होतं.

मामा सरळ पाइपाजवळ गेले आणि एका टोकाकडून चालायला लागले. दोरीला बोट लावायचे, पुटपुटायचे. "गारगोटी, बांदाचं भांडान... कळंबा, घर... ह्यो मेला दसऱ्याला, वारस लावायचं ऱ्हायल्यात... ही नाडी इसपुरलीच्या मास्तराची..." मध्ये कपडा आला की तो बाजूला करायचे. आईच्या साडीला त्यांनी हात घातला, तशी आई धोपटणं घेऊनच पुढे आली.

"कोन हो पावनं तुमी? बाईमानसाची कापडं का चाळताय?"

"जय भीम, वैनी. मी वकिलाचा कारकून. ह्यातनं कोर्टाचं काम चाललंय."

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण कोर्ट म्हटल्यावर धोपटणं खाली ठेवलं.

पप्पांच्या खाकी पँटीखाली हिरवा काठ सापडला. भिजून गडद झालेला. एका बाजूला नायलॉनची निळी दोरी. दुसऱ्या बाजूला लाल-पिवळा कासरा. "वडगावचं आण्णा!" मामा एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या कोंबड्या उठल्या. पेठ वडगावची फाईल आणि राधानगरी रस्त्याची फाईल, गाड्या वेगळ्या, वाटा वेगळ्या. माझ्या वर्णानुक्रमात मात्र दोघेही पाटील आणि म्हणून जमिनीवर शेजारी.

मामांनी खिशातून दोरा कापायची कात्री काढली. "वैनी, येक कापतोय. राग धरू नगा." आणि आई हां हां म्हणेपर्यंत त्यांनी हिरवा काठ दोन्ही गाठींजवळ कापला. पप्पांची खाकी, माझा युनिफॉर्म, चादरी, सगळं धपाधप मातीत.

"माझी धुणी!" आईचा आवाज आम्हाला कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता.

अकराला दहा कमी असताना आम्ही ऑफिसात पोहोचलो. निळ्या दोरीवाल्याच्या फायलीत काही नव्हतं. मग आण्णांची फाईल उघडली. तिसऱ्या पानाच्या मागे, वडगावच्या कोर्टाच्या निकालाला चिकटून, बासष्ट सालचं खरेदीखत शांतपणे बसलेलं होतं. मामा जमिनीवरच बसले. कागद त्यांनी डोळ्यांना लावला. मला वाटलं, त्या क्षणी ते धोंडुबाईचा कागद धरून बसले नव्हते. मला फार रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

मग त्यांनी फाईलला हिरवा काठ गुंडाळला आणि ती बाकावर बसलेल्या धोंडुबाईपुढे धरली. "मावशी, गाठ त्येवढी तुमी मारा. तुमच्यासारकी मला येत न्हाय."

धोंडुबाईने काठ हातात घेतला. "सोडली कुनी?"

मी तोंड उघडलं. मामा माझ्या आधी म्हणाले, "मीच. बगत हुतो."

"काय बगत हुतास? चौदा वर्सं कवा सोडली व्हतीस का रं? म्हातारा झालास आनि अक्कल गहान टाकलीस!" कोर्टाच्या पायरीपर्यंत ती त्यांना बोलत राहिली आणि मामा मान खाली घालून "चुकलं, मावशी" म्हणत राहिले. येणारेजाणारे बघत होते. एकतीस वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नसेल.

पुकारा झाला. साहेबांनी सवयीप्रमाणे मागे न बघता हात पुढे केला आणि मामांनी सवयीप्रमाणे त्यात फाईल ठेवली. साहेबांनी हात झटकला. फाईल ओली होती. साहेबांनी मामांकडे बघितलं. मामांनी छताकडे बघितलं.

धोंडुबाई साक्षीला उभी राहिली. नाव, गाव, वय सगळं नीट सांगितलं. मग साहेबांनी खरेदीखत दाखवून विचारलं, "हा कागद तुमचा का?"

"माझाच की. सासऱ्याचा आंगटा हाय बगा खाली," ती म्हणाली. आणि मग न्यायाधीशांकडे वळून, "पर सायेब, दोरी वल्ली कशी?"

समोरचे वकील उठून उभे राहिले, पण हरकत नेमकी कशाला घ्यायची ते त्यांना सुचेना. न्यायाधीश चष्मा काढून म्हणाले, "बाई, दोरीचा विषय दाव्यात नाही. पुढे बोला." मग वाटेचं विचारलं तेव्हा मात्र धोंडुबाई जे बोलली, ते समोरच्या वकिलांना तासभर उलटतपासणी करूनही हलवता आलं नाही.

बाहेर आल्यावर साहेब गरजले, "मामा, फाईल ओली कशी?"

"घाम आलता, सायेब," मामा म्हणाले. खोटं बोलायची सवय नव्हती, ते दिसतच होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी माझं लॉगबुक मागून घेतलं आणि शेरा लिहायला अर्धा तास लावला. मला तो वाचायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी मी ते पान न बघता उलटलं आणि महिना संपल्यावर वही तशीच कॉलेजात दिली. दरम्यान आईने उरलेली दोरी घडी करून पाठवली, साबणाने धुऊन. पुढचे चार दिवस मी आणि मामा एकशे अकरा दोऱ्या सोडवून आपापल्या फायलीला बांधत होतो. 'आज काय शिकलो' मध्ये मी चारही दिवस लिहिलं, 'गाठी सोडल्या.' पण मीही हट्टी. एक रजिस्टर केलंच. नाव, तारीख, गाडी, दोरी, असे चार रकाने. मामांनी नाक मुरडलं आणि वापरलं. २००४ साली ऑफिसात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यावर बसणाऱ्या पृथ्वीराज नावाच्या मुलाने विचारलं, "मॅडम, 'दोरी' या रकान्यात नेमकं काय भरायचं?" मी तेव्हा लॉ करत होते आणि सुट्टीत तिथेच असायचे. म्हटलं, मामांना विचार.

धोंडुबाईचा निकाल लागला २००१ साली. वाट मिळाली. दावा संपला की दोरी पक्षकाराला परत द्यायची, अशी मामांची रीत होती. त्या दिवशी मी ऑफिसात गेलेली. धोंडुबाईने कागद पिशवीत घातले, गाठ सोडली आणि हिरवा काठ सरळ माझ्या हातात दिला.

"घे. तुला दोऱ्यांची लई हौस न्हवं."

मी मामांकडे बघितलं. मामा शिवत होते.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"बाबासो कवा दुसऱ्याची गाठ सोडंल व्हय?" ती म्हणाली. "त्यो म्हनाला मीच, मग आपन कशाला बोलायचं? शिव्या त्येवड्या घातल्या. त्याला बरं वाटलं."

घरी येऊन मी कॉलेजातून कधीच परत आलेलं लॉगबुक शोधून काढलं, त्या काठाने बांधून ठेवावं म्हणून. बांधण्याआधी दोन वर्षांत पहिल्यांदा तो सोमवार उघडला. मामांचं अक्षर कोर्टाच्या अर्जासारखं, सरळ, खाडाखोड नसलेलं. खाली कॉलेजच्या सरांची सही. शेरा असा:

'आज एक कागद हरवला होता. मुलीने शोधला. हरवला कोणी, हे कृपया तिला विचारू नये.'